नवीन फोल्डिंग चाकूचं लॉक पाठीवर दाब पडला की सटकतंय, वापरू का परत करू?

लाईटवाला_कसबा

नमस्कार मंडळी. मी मांडवाच्या लायटिंगचं काम करतो, कसबा, शनिवार पेठ भागातली मंडळं, शिवाय लग्नाचे हॉल. गेल्या महिन्यात ऑनलाइन एक फोल्डिंग चाकू मागवला. पातं साडेतीन इंचाच्या आसपास, डी२ स्टील लिहिलंय, लायनर लॉकवाला. एका हाताने अंगठ्याने उघडतो म्हणूनच घेतला, कारण आमचं अर्धं काम शिडीवर असतं, एका हाताने बांबू धरलेला आणि दुसऱ्या हाताने सुतळी नाहीतर केबल टाय कापायचा.

धार मस्त आहे, त्याबद्दल तक्रार नाही. प्रॉब्लेम लॉकचा आहे. उघडला की टक् आवाज येतो, लॉक बसलंय असं वाटतं, पण पात्याच्या पाठीवर जरा दाब पडला की आतली पट्टी बाजूला सरकते आणि पातं मिटायला लागतं. दरवेळी नाही, कधी एकदम घट्ट बसतं कधी सटकतं, आणि हेच जास्त वाईट आहे कारण भरवसाच राहत नाही. परवा काथ्याच्या जाड दोरात पातं अडकलं, ते मागे ओढून काढत होतो तर पातं सरळ मुठीकडे वळलं. बोटं वाचली, पण तेव्हापासून हातात घेताना मन लागत नाही.

विकणाऱ्याला व्हिडिओ पाठवला तर उत्तर आलं की "नवीन आहे, वापरून वापरून लॉक सेट होईल". खरंच असं होतं का? माझ्या हाताखाली दोन पोरं आहेत, तीही हाच चाकू उचलतात, त्यामुळे अंदाजपंचे काम नको. घरच्या घरी लॉक चांगलं का वाईट हे कसं ओळखायचं? आणि हा नाही तर कुठल्या लॉकचा घ्यावा? गणपती तोंडावर आलेत, जरा लवकर सांगा.

भोसरी_टूलरूम

दादा आधी एक करा, नक्की काय ते कळेपर्यंत तो चाकू कामाच्या पेटीतून बाहेर काढा आणि घरी ठेवा. पेटीत असला की पोरं उचलणारच.

"सेट होईल" हे अर्धं खरं आहे म्हणून जास्त धोक्याचं. लायनर लॉकमध्ये काय असतं, मुठीच्या आत जी पत्र्याची पट्टी असते तिचाच एक भाग कापून स्प्रिंगसारखा आत वाकवलेला असतो. पातं पूर्ण उघडलं की ती पट्टी पात्याच्या बुडाखाली येऊन टेकते आणि पातं मिटू देत नाही. पात्याचं बूड सरळ कापलेलं नसतं, त्याला थोडा उतार दिलेला असतो, म्हणजे पट्टी वापरून झिजली तरी अजून थोडी आत सरकते आणि पुन्हा घट्ट बसते. तर हो, पट्टी वापरात आत सरकते, तेवढं त्याचं बरोबर. पण ते झीज भरून काढायला असतं, चुकलेला कोन दुरुस्त करायला नाही. नव्या चाकूने डब्यातून काढल्या दिवसापासून धरलंच पाहिजे.

आता कोन का महत्त्वाचा. बहुतेक बनवणारे हा उतार ७ ते ९ अंशांच्या आसपास ठेवतात. आपल्या शॉपवर बघा, मोर्स टेपरचा, म्हणजे निमुळत्या दांड्याचा, ड्रिल स्लीव्हमध्ये बसला की ड्रिफ्टची पाचर मारल्याशिवाय सुटत नाही कारण टेपर अगदी कमी, सगळा मिळून ३ अंशांच्या आसपास. बीटी४० म्हणजे मिलिंग मशीनचं टूल होल्डर, त्याचा टेपर सोळा-साडेसोळा अंशांचा, तो आपलाआपण धरत नाही, त्याला मागच्या खुंटीने (पुल स्टड) ओढून धरावं लागतं. चाकूचं लॉक या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे. कोन फार कमी ठेवला तर पट्टी इतकी अडकते की अंगठ्याने सुटत नाही, जास्त झाला तर पाठीवर दाब आला की पट्टी उतारावरून घसरून बाहेर. तुमचं तेच होतंय.

आणि "कधी धरतं कधी सटकतं" याचं कारण बऱ्याचदा तेल असतं. ढोबळ हिशेब सांगतो. कोरडं स्टील स्टीलवर साधारण ८ अंशाच्या उतारापर्यंत घसरत नाही असं धरा, तेल लागलं की तेच ५-६ अंशांवर येतं. म्हणजे ८ अंशाचं लॉक कोरडं असताना जेमतेम धरेल आणि तेलकट झालं की सोडेल. नवे चाकू कारखान्यातून तेल लावूनच येतात, गंज लागू नये म्हणून. ते तेल लॉकच्या तोंडावर गेलेलं असतं आणि कोणी पुसत नाही.

तर आधी साफ करा. तापकीर गल्लीत मोबाईल रिपेअरिंगवाले जे आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) वापरतात ते आणा, किंवा मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट चालेल. कानकोरणीच्या कापसाला लावून पट्टीचं टोक आणि पात्याचं बूड दोन्ही स्वच्छ पुसा, कापूस काळा यायचा थांबेपर्यंत. तेल फक्त पिव्होटला, म्हणजे पातं ज्या खिळीवर फिरतं तिला, एक थेंब, शिलाई मशीनचं चालेल. लॉकच्या तोंडाला नाही.

मग मार्करचं काम. आम्ही डायचे दोन भाग कुठे टेकतात ते बघायला निळा रंग लावतो तसंच. पात्याच्या बुडाच्या उतारावर काळा मार्कर फिरवा, वाळू द्या, चाकू हळू उघडा, बंद करा, असं थोडा वेळ करा आणि टॉर्च मारून बघा की रंग कुठे खरवडलाय. चांगल्या लॉकमध्ये पट्ट्यासारखा डाग दिसतो आणि तो पिव्होटपासून लांबच्या बाजूला, म्हणजे बुडाच्या खालच्या अंगाला असतो. नुसता एका कोपऱ्यात ठिपका पुसला गेला असेल तर पट्टी टोकावर टेकतेय, तिला सटकायला वेळ लागणार नाही.

पट्टी किती आत येते तेही बघा. हे बघताना चाकू झटका देऊन उघडू नका, झटक्याने पट्टी मुद्दाम जास्त आत जाते आणि खोटं समाधान मिळतं. हळूहळू उघडा. बुडाच्या जाडीचा निदान चौथा हिस्सा तरी पट्टीने झाकला पाहिजे, निम्म्यापर्यंत असेल तर नव्या चाकूला उत्तम. नुसती कडेवर नखभर टेकली असेल तर परत करा, विचार नको. आणि उलट नव्या चाकूतच पट्टी पलीकडच्या बाजूला जाऊन भिडली असेल तर तेही वाईट, झिजायला पुढे जागाच उरलेली नाही.

शेवटी दाब देऊन बघायचं. धारेला जाड पुठ्ठा लावून वरून मास्किंग टेप गुंडाळा, म्हणजे मिटलं तरी कापणार नाही. मूठ दोन्ही बाजूंनी धरा, पातं मिटताना जिथे येतं त्या वाटेत एकही बोट नको. पात्याची पाठ लाकडी पाटावर ठेवा आणि हळूहळू जोर वाढवा. एकदम नाही. नजर पट्टीवर ठेवा. पट्टी जागची हलली, अगदी केसभर जरी बाहेरच्या दिशेने सरकली, तर ते लॉक नापास.

रानभुंगा

एवढं सगळं कशाला, पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर दोनचार वेळा जोरात आपटायची, टिकलं तर ठेवायचा नाहीतर परत. यूट्यूबवर सगळे असंच करतात.

भोसरी_टूलरूम

रानभुंगा भाऊ, ते करतात हे खरं आहे पण त्यातून नीट काही कळत नाही. आपटल्यावर जो झटका बसतो त्यात पट्टी क्षणभर उडते, चांगलं लॉकही त्यात सुटू शकतं. आणि वाईट लॉक आपटताना पट्टी अजून आत ठोकली जाऊन टिकूनही जातं, मग माणूस निर्धास्त होतो. वरून पट्टीचं टोक पात्यापेक्षा मऊ असतं, चारदा आपटलं की ते चेपतं, म्हणजे चांगला चाकू तपासण्याच्या नादात खराब केला. कामात चाकू कसा सटकतो ते बघा ना, दोरात पातं अडकतं आणि माणूस ते मागे ओढतो नाहीतर पिळतो. हळू वाढणारा दाब आणि पीळ. तपासणीही तशीच हवी.

पिळाचं अजून एक, ते वर राहिलं. लायनर लॉकची पट्टी मुठीच्या खाचेत असते आणि तिची कड जरा उघडी असते. मूठ करकचून धरली आणि मनगट पिळलं तर तळहाताचं किंवा बोटाचं मांस त्या खाचेत शिरून पट्टीला ढकलतं, लॉक उघडतं. फ्रेम लॉकमध्ये हे उलटं होतं, तिथे मुठीची बाजूच लॉक असते, जितकं घट्ट धराल तितकी बोटं लॉकला आत दाबतात. म्हणून दाब देऊन झाला की टेप तशीच ठेवून मूठ घट्ट धरा, दुसऱ्या हाताने पातं दोन्ही बाजूंना थोडं पिळा आणि पट्टीकडे बघा.

रानभुंगा

हे पटलं. धन्यवाद, माझाही बघतो आज.

सह्याद्रीत_भटकी

टूलरूम काकांचा प्रतिसाद सेव्ह करून ठेवला. थोडं डोंगरातल्या वापराबद्दल लिहिते कारण लाईटवाले दादांचं काम धूळ, घाम, पाऊस यातच चालतं.

कुठलंही लॉक घ्या, कचरा गेला की ते खोटं बोलतं. खिशातले धागे, सुतळीचे तंतू, माती. लॉकबॅक म्हणजे ज्याचा खटका मुठीच्या पाठीवर दाबायचा असतो तो प्रकार, त्यात पात्याच्या खाचेत एक दात बसतो. त्या खाचेत माती दाबून बसली की दात अर्धाच बसतो आणि बाहेरून बघितलं तर सगळं नीट वाटतं. पावसाळ्यात राजगड, हरिश्चंद्रगड करून आल्यावर आमच्या ग्रुपमध्ये ज्यांच्याकडे लॉकबॅक आहे त्यांना मी खाच टूथब्रशने धुवायलाच लावते. तुमच्याकडे काथ्या आणि सुतळी दिवसभर, त्याचा भुसा किती पडतो ते तुम्हालाच माहिती.

माझ्याकडे ओपिनेल आहे, ८ नंबर, पातं साडेआठ सेंटिमीटरचं. त्याचं लॉक मला सगळ्यात प्रामाणिक वाटतं, कारण त्यात लपलेलं काहीच नाही. मुठीच्या तोंडाशी एक लोखंडी कडं असतं, ते हाताने फिरवायचं, फिरवलं की पात्याचा मिटायचा रस्ताच बंद. ही कंपनी फ्रान्सच्या सावॉय भागातली, १८९० पासूनची, आणि हे फिरतं कडं १९५५ मध्ये आलं. आताच्या ओपिनेलमध्ये तेच कडं मिटलेल्या पात्यालाही लॉक करतं, म्हणजे सॅकमध्ये उघडायची भीती नाही. तोटे पण सांगते. कडं फिरवायला तुम्ही विसरलात तर लॉक नाही, ते आपोआप बसत नाही. एका हाताने उघडायला अवघड. आणि मूठ बीचच्या लाकडाची, ताम्हिणीच्या पावसात दिवसभर भिजली की लाकूड फुगतं आणि पातं बाहेरच येत नाही, मुठीचा मागचा भाग दगडावर ठोकून टोक वर आणावं लागतं. शिडीवर हे जमणार नाही, तुमच्या कामाला मी तो सुचवणार नाही.

व्हिक्टोरिनॉक्सचे जे नेहमीचे लाल ९१ मिलिमीटरवाले असतात त्यांच्या पात्याला लॉक नसतंच हेही लक्षात ठेवा, नुसती पाठीमागची स्प्रिंग धरून ठेवते. बऱ्याच जणांना वाटतं की टक् आवाज आला म्हणजे लॉक झालं. मोठ्या १११ मिलिमीटरच्या मॉडेलमध्ये लॉक असतं. बिनलॉकचा चाकू वाईट असं अजिबात नाही, फक्त पाठीवर दाब येईल असं काम त्याने करायचंच नाही, म्हणजे टोकाने भोक पाडणं, खुपसणं, अडकलेलं पातं उलटं ओढणं. खरं तर लॉक असलेल्या चाकूनेही ही कामं सांभाळूनच करावी. मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. आपण लॉकवर इतका विश्वास टाकतो की पात्याची धार बोटांकडेच आहे हे विसरून जातो.

हातांचा_डॉक्टर

सहसा मी वाचून जातो पण इथे लिहिणं भाग आहे.

मिटणारं पातं बोटावर पडतं तेव्हा जखम ठराविक जागी होते, तर्जनी आणि मधलं बोट, तळव्याच्या बाजूने, बोटाचं मूळ आणि मधला सांधा यांच्या आसपास. दिसायला जखम छोटी असते, सरळ, स्वच्छ कापलेली. पण बरोबर त्याच जागी बोट वाकवणारे दोन स्नायूबंध एका अरुंद नळीतून शेजारी शेजारी जातात आणि दोन्ही कडांना संवेदनेच्या नसा असतात. हाताच्या सर्जरीत या भागाला पूर्वी "नो मॅन्स लँड" म्हणायचे, इथे टाके घालून बोट पुन्हा नीट हलेल याची खात्री नसायची. आता निकाल खूप चांगले येतात, पण ऑपरेशननंतर स्प्लिंट, फिजिओथेरपी आणि साधारण ३ महिने जड काम बंद. तुमच्यासारख्या हातावर पोट असणाऱ्याचा पूर्ण सीझन जातो.

म्हणून असं कापलं तर दोन गोष्टी तिथेच बघायच्या. बोटाचं शेवटचं पेर, नखाजवळचं, स्वतःहून वाकतंय का. आणि बोटाच्या दोन्ही कडांना स्पर्श सारखा कळतोय का, का एक बाजू बधिर झालीय. यातलं एक जरी नसेल तर कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नुसते वरचे टाके घालून घेऊन घरी जाऊ नका, हाताच्या सर्जनला किंवा प्लास्टिक सर्जनला त्याच दिवशी दाखवा. पहिल्या काही दिवसांत स्नायूबंध जोडणं सोपं जातं, उशीर झाला की तो आखडून आत ओढला जातो. वाकतंय पण दुखतंय, जोर लागत नाही, असं असेल तरी दाखवा, कारण अर्धवट कापलेला बंध नंतर तुटू शकतो.

रक्त थांबवायला स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात छातीच्या वर उचलून, दहा पंधरा मिनिटं मध्ये न उघडता. अंगठी असेल तर लगेच काढा, सूज आली की निघत नाही. बोटाच्या मुळाशी सुतळी किंवा रबर बँड बांधू नका. हळद, चहा पावडर, कॉफी भरू नका, ते सगळं नंतर आम्हाला खरवडून धुवावं लागतं आणि ते दुखतं. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवत नसेल तर घ्या.

आणि दादा, ज्या पोरांना चाकू देता त्यांना हे दाखवून ठेवा.

हार्डवेअर_रविवारपेठ

डॉक्टर साहेबांनी फार मोलाचं लिहिलं.

आमचं बोहरी आळीजवळ दुकान आहे, मांडववाले, लाईटवाले सगळे येतात. लाईटवाले दादा, तुमचा प्रश्न लॉकचा आहे पण मी कामाबद्दल विचारतो. केबल टायला चाकू का? टाय कापताना पातं टायच्या खालून घालून वर ओढावं लागतं, टाय तुटतो त्या क्षणी हात झटक्यात सुटतो आणि शिडीवर तुमचा तोल जातो, शिवाय खाली वायरचं इन्सुलेशन असतं, त्याला चीर पडली आणि पावसात तिथे पाणी गेलं तर मंडपाच्या लोखंडी पाइपात करंट. टायसाठी साईड कटर घ्या, फ्लश कटर मिळाला तर अजून बरा, टोक राहत नाही. कटर हातातून पडू नये म्हणून त्याला दोरी बांधून मनगटात अडकवा. सुतळी आणि काथ्याला चाकू ठीक आहे, तिथे दातेरी पातं असेल तर अर्ध्या जोरात काम होतं, आणि जोर कमी म्हणजे लॉकवर ताण कमी. शिडीवरच्या माणसाला मी तर न मिटणारा छोटा चाकू कमरेला कडक प्लास्टिकच्या म्यानात द्यावा म्हणतो. मिटतच नाही तर लॉकचा प्रश्नच नाही.

पण त्याला दुसरी बाजू आहे, कायद्याची. मी वकील नाही, धंद्यामुळे जेवढं माहिती तेवढं सांगतो. शस्त्र नियमांत जी मर्यादा आहे ती ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याची, आणि घरगुती, शेतीच्या, कारखान्याच्या कामाची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. आपले कामाचे चाकू त्यात कुठेच बसत नाहीत. पण सणावाराला आणि निवडणुकीला शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ (१) खाली आदेश निघतात आणि त्यात चाकू, सुरे, काठ्या सगळं जवळ बाळगायला बंदी असते. शहरात कोयत्याच्या इतक्या बातम्या झाल्यावर पोलीस बघतातही बारकाईने. म्हणून चाकू कामाच्या पेटीत, बाकीच्या हत्यारांबरोबर ठेवा, मंडळाचं पत्र किंवा कामाची ऑर्डर जवळ असू द्या, आणि काम संपल्यावर विसर्जन मिरवणुकीच्या गर्दीत खिशात चाकू घेऊन फिरू नका. पोरांना तर आजच सांगा.

परत करण्याबद्दल. "सेट होईल" हे उत्तर तुम्हाला लेखी आलंय ना, चॅटचा स्क्रीनशॉट ठेवा. ऑनलाइन विक्रीला २०२० चे ई-कॉमर्स नियम लागू आहेत, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात निकाली काढायची असं त्यात आहे. नुसतं आवडलं नाही असं लिहू नका, "लॉक निकामी, वापरताना इजा होण्याचा धोका" असं स्पष्ट लिहा, व्हिडिओ जोडा. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणि एक विनंती, स्वतः कानस घेऊन पट्टी घासत बसू नका. गिऱ्हाईक घासून आणतात आणि मग म्हणतात बदलून द्या.

भोसरी_टूलरूम

घासायचं नाही याला माझाही दुजोरा. दोन ठिकाणचा कोन एकाच वेळी जुळवावा लागतो, हाताने तो जमत नाही, आणि घासली म्हणजे पट्टी आखूड झाली, ती परत लांब होत नाही. पट्टी पक्कडीने आत जास्त वाकवायचेही व्हिडिओ आहेत. त्याने पट्टी जोरात आत जाते पण कोन तोच राहतो, सटकायचं ते सटकतंच.

एक सोपी गोष्ट मात्र घरी बघता येईल. पिव्होटचा स्क्रू ढिला असेल तर पातं जरासं तिरकं होतं आणि पट्टी कुठे टेकते ते बदलतं. उघडलेलं पातं टोकाला धरून डावीउजवीकडे हलवा. हललं तर स्टार बिटने, बहुतेक टी६ किंवा टी८ लागतो, स्क्रू थोडा आवळा, पातं अडकणार नाही इतपतच. पुन्हा ढिला होत असेल तर निळं लॉकटाईट, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणारा डिंक, अगदी टोकभर. लाल नको, तो स्क्रू परत निघणार नाही. मग पुन्हा मार्कर, पुन्हा दाब.

लाईटवाला_कसबा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

सांगितलं तसं केलं. आधी स्पिरिटने पुसलं, कापूस चांगलाच काळा आला. त्यानंतर दाब देऊन बघितलं तर पहिल्यापेक्षा बरंच घट्ट, मला वाटलं झालं काम. पण मार्कर लावून बघितलं तर डाग नुसता वरच्या कोपऱ्यात, पिव्होटच्या बाजूला, आणि तोही टाचणीच्या डोक्याएवढा. खालच्या अंगाला रंग जसाच्या तसा. पातं डावीउजवीकडे हलत नाही, म्हणजे स्क्रू ठीक आहे. मग पुठ्ठा लावून हळू दाब दिला, बराच जोर धरला आणि मग पट्टी डोळ्यांसमोर सरकत बाहेर आली. मूठ पिळून बघितली तर त्याहून लवकर.

परत पाठवतोय. डागाचा फोटो आणि दाबाचा व्हिडिओ दोन्ही जोडले, "इजा होण्याचा धोका" असंच लिहिलं, पिकअपची तारीख मिळाली. साईड कटर आणले, दोन्ही पोरांना एकेक, दोरी बांधून. डॉक्टर साहेब, बोटाचं पेर वाकवून बघायचं ते त्यांना करून दाखवलं, दोघांनी नीट ऐकलं.

आता नवीन घ्यायचा तर अजून एक अडचण आहे. त्यातला एक पोरगा डावरा आहे. तो लायनर लॉक बंद करताना बोटं पात्याच्या वाटेत घालतो असं आता माझ्या लक्षात आलं. डाव्या हाताला वेगळं काही मिळतं का?

सह्याद्रीत_भटकी

हा फार महत्त्वाचा मुद्दा आहे दादा, मी स्वतः डावरी आहे. बहुतेक लायनर लॉक उजव्या अंगठ्यासाठी बनवलेले असतात. डाव्या हातात धरला की पट्टी अंगठ्याखाली येत नाही, तर्जनीने ओढून सोडावी लागते, आणि ती तर्जनी नेमकी मिटणाऱ्या पात्याखाली राहते. त्याला क्रॉसबारवाला घेऊन द्या. त्यात मुठीच्या दोन्ही बाजूंना छोटं बटण असतं, आतून एकच आडवा रॉड, तो मागे ओढला की पातं सुटतं. कुठल्याही हाताने, आणि एकही बोट पात्याच्या वाटेत न घालता. बेंचमेडने हे अ‍ॅक्सिस लॉक नावाने आणलं, पेटंट संपल्यावर आता बऱ्याच कंपन्या बनवतात, स्वस्तातही मिळतं. लॉकबॅकही डाव्या हाताला चालतो, पण खाच साफ ठेवणार असाल तरच.

भोसरी_टूलरूम

क्रॉसबारला माझंही मत. घेताना दोन गोष्टी बघा. आत तारेच्या दोन बारीक स्प्रिंग असतात, दोन्ही बाजूंना एकेक, त्यातली एक तुटली तरी दुसऱ्यावर चाकू चालत राहतो आणि कळतही नाही. म्हणून रॉड दोन्ही बाजूंनी सारख्याच जोराने परत येतोय ना ते अधूनमधून बघायचं, एका बाजूला मंद वाटला तर वापर बंद. दुसरं, रॉड पात्यावर पूर्ण रुंदीने टेकतोय का तिरका बसतोय ते उघडून उजेडात धरून बघा. दुकानातून घेणार असाल तर मिटलेला चाकू मुठीची उघडी खाच खाली येईल असा धरून हलवा, पातं आपोआप बाहेर यायला नको. खिशात उघडणारा चाकू हाही लॉकइतकाच वाईट.

मार्कर आणि स्पिरिट घेऊनच जा दुकानात, चांगला दुकानदार नाही म्हणणार नाही.

हार्डवेअर_रविवारपेठ

अजिबात नाही म्हणणार. सोमवार सोडून कधीही या, दोन्ही पोरांना घेऊन या, त्यांच्या हातात कसा बसतो ते बघूनच घ्या. पुठ्ठा आणि टेप मी देतो.